वेदीकडे जाणारी वाट घरातून जाते



मोशेच्या नियमशास्त्रातील आज्ञा यहुदी परंपरेने ६१३ मोजल्या आहेत. 'यांतली पहिली कोणती?' असे एका शास्त्र्याने येशूला विचारले (मार्क १२:२८-३४). त्याने एक आज्ञा विचारली, प्रभूने दोन सांगितल्या: देवावर सर्वस्वाने प्रीती करण्याची आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची. पहिली अनुवाद ग्रंथातील, दुसरी लेवीय ग्रंथातील. प्रभूने ज्या आज्ञा एकत्र जोडल्या, त्या आपण वेगळ्या करू नयेत.

तसे करण्याचा मोह मात्र जुना आहे. येशूच्या काळी एखादा मुलगा आपली मिळकत 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेली, असे जाहीर करी. मग त्या मिळकतीतून वृद्ध आई-वडिलांना मदत करण्यास तो मोकळा राहत नसे. वरून ती भक्ती दिसे, पण तिच्यामुळे चौथी आज्ञा मोडली जाई. प्रभूने या रूढीचा कडक शब्दांत निषेध केला (मार्क ७:९-१३).

आज 'कुर्बान' हा शब्द आपल्या तोंडी नाही. आपण नोव्हेनाला जातो, सणाला वर्गणी देतो, प्रार्थनासभेला बसतो. हे सारे चांगलेच आहे. पण त्याच वेळी घरी वडिलांचे औषध संपले आहे, हे आपल्याला माहीत असते का? आई तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारते, तेव्हा आपला आवाज कसा असतो? देवाला दिलेला वेळ आपल्या माणसांना टाळण्याचे निमित्त ठरला, तर तेही कुर्बानच.

शेजाऱ्यांचेही तसेच आहे. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, अशी प्रभूची शिकवण आहे (मत्तय ५:२३-२४). मिस्सामध्ये पवित्र कम्युनियनपूर्वी आपण एकमेकांना शांती देतो, ती याच अर्थाने. शेजारच्या बाकावरील पाहुण्याला शांती देणे सोपे असते. जमिनीच्या बांधावरून ज्या सख्ख्या भावाशी बोलणे बंद आहे, त्याला ती देणे कठीण जाते.

मग मनात माया नसताना प्रीती करायची कशी? याचे उत्तर संत तेरेजाने दिले आहे. ती १८८८ साली, वयाच्या १५ व्या वर्षी, फ्रान्समधील लिझ्यो येथील कार्मेल मठात गेली. तेथील एका भगिनीचे वागणे, बोलणे, सारेच तिला खटके. तेरेजाने काय केले? भेट झाली की त्या भगिनीसाठी प्रार्थना केली, होईल तेवढी तिची सेवा केली, उलट उत्तर द्यावेसे वाटले तेव्हा हसून विषय बदलला. शेवटी त्या भगिनीनेच विचारले, माझ्यात तुला एवढे काय आवडते? १८९७ साली, वयाच्या २४ व्या वर्षी तेरेजा वारली. मठाबाहेर ती कधी मिशनकार्याला गेली नाही, तरी १९२७ साली ख्रिस्तसभेने तिला मिशनकार्याची आश्रयदात्री केले.

प्रीती म्हणजे केवळ भावना नव्हे. ती निश्चयाने केलेली कृती आहे. म्हणून या आठवड्यात आपण दोन गोष्टी करू या. घरातील वडीलधाऱ्यांजवळ रोज थोडा वेळ टीव्ही व मोबाईल बंद करून बसू या. आणि ज्याच्याशी अबोला आहे, त्याला पुढच्या रविवारच्या आत आपणहून हाक मारू या. पलीकडून ओ येवो वा न येवो, पहिले पाऊल आपले असू दे.

देव स्वतः प्रीती आहे. तो आपल्याला हे बळ देवो.