चार झाडांची राखण

सेंट कॅथरिन्स, ओन्टारिओ
ऑगस्टचा दुसरा आठवडा

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र व सोबतची छायाचित्रे पोहोचली. ग्वेल्फच्या घरामागे लावलेली चार झाडे पुरुषभर उंच झाली आहेत आणि आता कापणीपर्यंत त्यांचे काय करावे, एवढाच तुझा प्रश्न. परंतु गांजाविषयी मामाला विचारावे की न विचारावे, या संकोचात तू पत्राचा निम्मा कागद खर्ची घातलास, तो व्यर्थ होय. ज्याने उमेदीची सारी वर्षे नायगाराच्या द्राक्षमळ्यांतून काढली, त्याला पीक म्हणून विचारलेल्या कोणत्याही प्रश्नाचा विटाळ नसतो.

प्रथम या झाडाची प्रकृती समजून घे. जूनच्या अखेरीस तुमच्याकडे साडेपंधरा तासांच्या आसपास असणारा दिवस ऑगस्टच्या मध्यास चौदा तासांवर उतरतो, आणि रात्रीची ही वाढती लांबी हाच या झाडाला फुलोऱ्यावर येण्याचा हुकूम असतो. म्हणून मागल्या दाराचा दिवा रात्रभर जळत ठेवून त्या हुकमात व्यत्यय आणू नकोस. फुलोऱ्यास आरंभ झाल्यावर तो पक्व होण्यास बहुधा आठ ते दहा आठवड्यांची मुदत लागते. याचा अर्थ असा की, ज्या दिवसांत रात्री गारठतात, पहाटे दहिवर पडते आणि हिमतुषाराची धास्ती लागते, नेमक्या त्याच दिवसांत तुझे पीक तयार व्हावयाचे आहे. तुझी सगळी अडचण एवढ्यात आली.

या आठवड्यात पेऱ्यांची बेचके बारकाईने पाहा. जेथे दोन शुभ्र केसांची जोडी बाहेर आली असेल ते झाड मादी. जेथे वाटोळ्या, केसरहित कळ्यांचे घोस लोंबत असतील ते नर, आणि ते त्याच दिवशी उपटावे, कारण परागसिंचन झाले की मादीचे सारे बळ बी धरण्यात जाते. आपल्याकडे नगर जिल्ह्यात आणि निमाडात खंडव्याच्या बाजूस आबकारीच्या परवान्याने जेव्हा ही शेती होत असे, तेव्हाही नर झाडे वेचून काढणे हेच तिच्यातील मुख्य कसब मानले जाई; १८९३-९४ साली सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालात त्याची सविस्तर कैफियत आहे. तुझे बी केवळ मादीचे म्हणून विकले गेले असले तरी गाफील राहू नकोस. पाण्याचा ताण किंवा प्रकाशाचा घोळ झाला की मादीच्या तुऱ्यातही क्वचित पिवळे पुंकेसर डोकावतात.

पाणी सकाळी, बुंध्याशी आणि पोटभर द्यावे, मग वाफसा येईपर्यंत थांबावे. पानांवर व तुऱ्यांवर मात्र थेंबही उडवू नये. नत्रयुक्त खत आता आवरते घे आणि स्फुरद-पालाशावर भर ठेव. सप्टेंबरात खालची पाने पिवळी पडू लागतील, तेव्हा घाबरून युरियाची मूठ टाकण्याचा मोह होईल, तो टाळ. झाड आपली साठवण वर तुऱ्यांकडे पाठवीत असते, आणि त्याचा हा जमाखर्च त्यालाच पाहू द्यावा.

आता खऱ्या शत्रूकडे वळतो. बॉट्रायटिस सिनेरिया या नावाची करडी बुरशी द्राक्षाच्या दाट घडात जशी आतून शिरते, तशीच ती या झाडाच्या जाडजूड तुऱ्यातही शिरते, आणि बाहेरून तुरा टवटवीत दिसत असताना आतील देठ कुजलेला असतो. तिची ओळख सांगतो. हिरव्यागार तुऱ्यातून डोकावणारे एखादेच पान अकारण तपकिरी होऊन मान टाकते. ते दोन बोटांत धरून हलके ओढलेस तर विनाविरोध हाती येते. तेथे तुरा उकललास की आत राखेसारखी भुकटी दिसते. अशा वेळी झाड न हलविता, चार बोटे खाली, निरोगी भागात काप घ्यावा, कापलेला भाग तेथेच पिशवीत बंद करावा आणि कात्री स्पिरिटने पुसावी. पुष्कळदा या बुरशीला वाट करून देते ती अळी, आणि अळीची वर्दी देतात तुऱ्यावरील बारीक काळ्या लेंड्या. त्या दिसताच अळी शोधून हाताने वेचावी. पानांवर भुरीचा पांढरा थर दिसला तर ती पाने काढून टाकावी. भरलेल्या तुऱ्यांवर मात्र कोणतेही औषध फवारू नये. जे जाळून त्याचा धूर छातीत घ्यावयाचा, ते द्राक्षासारखे धुऊन घेता येत नाही.

या सर्वांवर उत्तम उपाय म्हणजे वारा. आतील बाजूची सावलीतली पाने विरळ कर, पावसाचा रंग दिसला तर बाजू मोकळ्या ठेवून वर प्लॅस्टिकचे छत घाल, आणि पहाटे खोड धरून निरोगी झाडांवरील दहिवर झटकून टाक.

कापणी केव्हा करावी, हे केसांच्या रंगावरून ठरवू नकोस. साधे भिंग घेऊन तुऱ्यावरील राळेचे सूक्ष्म गोळे पाहा. ते प्रथम काचेसारखे पारदर्शक, पुढे दुधाळ आणि अखेरीस मधाच्या रंगाचे होतात. बहुतेक दुधाळ झाले म्हणजे पीक तयार. परंतु ते तयार होत आले असताना सलग तीन दिवसांच्या पावसाचे भाकीत झाले, तर थोडे अधिक पिकावे या आशेने थांबू नकोस. चार दिवस आधी कापलेले पीक किंचित उणे भरेल, एवढेच. चार दिवस उशिरा कापलेले पीक मात्र सर्वस्वी टाकाऊ ठरू शकते. माझ्या सगळ्या उपदेशातले एवढे एक वाक्य लक्षात ठेवलेस तरी पुरे. शेंड्याचे तुरे आधी काढून, खालच्यांना आठवडाभर ऊन घेऊ देण्यासही हरकत नाही.

वाळवण अंधाऱ्या, हवेशीर खोलीत, १५ ते २० अंश उष्णतामानात करावे. आठ-दहा दिवसांनी बारीक काडी वाकण्याऐवजी कडकन मोडली की तुरे काचेच्या बरणीत भरावे आणि पहिले दोन आठवडे बरणी रोज उघडावी. अमोनियासारखा उग्र दर्प आला, तर आत ओल आहे असे समजून माल पुन्हा पसरावा.

शेवटी कायद्याचे बजावतो. १७ ऑक्टोबर २०१८ पासून येथे मिळालेली चार झाडांची मुभा घरामागे आहे, माणसामागे नव्हे; तेव्हा बिऱ्हाडातील सोबत्याच्या नावावर आणखी चार लावता येणार नाहीत. विक्री तर सर्वथा वर्ज्य. सरहद्दीपलीकडे एक काडीही नेऊ नकोस, मग पलीकडच्या राज्यात ती मान्य का असेना. आणि भारतात तर १९८५ च्या कायद्याने गांजाचा तुरा बाळगणे हाच गुन्हा आहे. सेवन करून गाडीस हात लावू नकोस. नशेत वाहन चालविण्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा डिसेंबर २०१८ पासून दहा वर्षांची झाल्यामुळे, तुझ्यासारख्या कायम रहिवाशाचा येथील वास्तव्याचा हक्कच त्यापायी धोक्यात येऊ शकतो. चार झाडांचे उत्पन्न एका माणसाच्या गरजेहून पुष्कळ अधिक असते. पिकले म्हणून संपविलेच पाहिजे, असा शिरस्ता कोठेही नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुऱ्यांची जवळून घेतलेली छायाचित्रे पाठव. आक्काला हे कळवावयाचे की नाही, ते तू ठरव. तिने मला विचारले तर मात्र मी खोटे सांगणार नाही.

तुझा,
अण्णामामा