ट्रॅक्टर केवढा घ्यावा? थोड्या क्षेत्राच्या सभासदांसाठी चार हिशेब



गटात फिरताना हल्ली आम्हाला लागणीच्या खालोखाल एकच प्रश्न विचारला जातो : "साहेब, छोटा ट्रॅक्टर घ्यायचा म्हणतोय, किती एच.पी.चा घेऊ?" आम्ही उलट विचारतो, "जमीन किती राहिली?" त्यावर थोडा वेळ कोणी बोलत नाही. चाकण, तळेगाव, हिंजवडी या बाजूला औद्योगिक वसाहतीत आणि रस्त्यांत जमिनी गेल्या, उरलेल्या भावाभावांत वाटल्या गेल्या. बापाच्या सात-आठ एकरांचे आता दीड-दोन एकर झाले आहेत, तेही दोन-तीन ठिकाणी. तेव्हा हा प्रश्न जाहिरातीच्या कागदावरून सुटायचा नाही, आपल्या बांधावर उभे राहूनच सोडवावा लागेल.

आमच्या माहितीतल्या एका सभासदाचे सांगतो. संपादनाचे पैसे हातात आले आणि त्यांनी ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दारात आणला. राहिलेली जमीन एक एकर तीस गुंठे, दोन तुकड्यांत. सरी चार फुटी. एकदा लागण उगवल्यावर तो ट्रॅक्टर उसात जाईना. भाड्याची कामे मिळतील असे वाटले होते, पण गावात तसलेच आणखी नऊ ट्रॅक्टर उभे. तीन वर्षांत निम्म्या किमतीला विकला. माणूस कष्टाळू, चूक फक्त मापाची झाली.

पहिले माप सरीचे. अश्वशक्ती नंतर. उसात ट्रॅक्टरचे खरे काम असते ते लागणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी बाळबांधणीला आणि सोळा ते वीस आठवड्यांनी मोठ्या बांधणीला. त्या वेळी बेटाने दोन्ही बाजूंना मिळून निदान ३० सें.मी. जागा घेतलेली असते. चार फुटी सरी म्हणजे १२० सें.मी.; त्यातून ३० वजा जाता ट्रॅक्टरला ९० सें.मी. उरतात. साडेचार फुटीत १०५ आणि पाच फुटीत १२०. अडीच-पाच फूट पट्टा पद्धत असेल तर पाच फुटी पट्ट्यातही १२० मिळतात. तीन फुटी सरी अजून ठेवणारांनी ट्रॅक्टरचा विचार सोडून द्यावा. तिथे बैल किंवा हातात धरायचे पॉवर वीडर हेच खरे.

दुकानात गेल्यावर टेप बरोबर न्यावा. विक्रेता चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर सांगतो, ते नेहमी कमी असते. आपण टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजावे. मागचे औजार टायरपेक्षा रुंद नाही ना, तेही बघावे. पुष्कळ छोट्या ट्रॅक्टरची मागची चाके उलटी बसवून रुंदी कमी-जास्त करता येते. ती आपल्यासमोर करून दाखवायला लावावी, नुसत्या तोंडी भरवशावर राहू नये. आणि मोठ्या बांधणीला पात डोक्यावर आलेली असते, हे लक्षात घेऊन सायलेन्सर आणि दिवे पानांत अडकतील का, हेही पाहावे. चालवणाऱ्याच्या तोंडावर फडके लागतेच, त्याला कंपनीकडे इलाज नाही.

आता अश्वशक्ती. कागदावर लिहिलेली असते ती इंजिनाची. रोटाव्हेटर फिरतो तो मागच्या पी.टी.ओ. दांड्यावर, आणि तिथे त्याहून कमी पोचते. २४ चा ट्रॅक्टर पी.टी.ओ.वर साधारण १८ ते २२ देतो. कोणता किती देतो हे विचारून घ्यावे. रोटाव्हेटरला रुंदीच्या दर फुटाला सहा ते आठ अश्वशक्ती धरावी. म्हणजे १५ च्या ट्रॅक्टरला तीन फुटी रोटाव्हेटर भारी काळ्या रानात जड जातो, मुरमाड हलक्या रानात निभावतो. २४ ते २८ ला तो सहज चालतो; चार फुटी मात्र हलक्या रानातच. भीमा, भामा, इंद्रायणीकाठची चिकण जमीन आणि चाकणच्या बाजूचा माळ यांना एकच ट्रॅक्टर सांगणारा माणूस शेतकरी नसावा.

बाजारात १५ अश्वशक्तीत महिंद्रा युवराज २१५ आणि स्वराज ७१७, २४ मध्ये महिंद्रा जिवो २४५ आणि कुबोटा बी २४४१, २७ मध्ये कुबोटा बी २७४१, २८ मध्ये जॉन डिअर ३०२८ ईएन अशी यंत्रे आहेत. आम्ही कोणा एकाची शिफारस करीत नाही. मावळ-मुळशीच्या ज्या सभासदांकडे उसाबरोबर भातही आहे, त्यांनी मात्र चारही चाकांना ओढ असलेलाच बघावा. चिखलणीत दोन चाकी रुतून बसतो आणि बाहेर काढायला शेजाऱ्याचे बैल शोधावे लागतात.

आता छोट्याला काय जमत नाही, ते स्वच्छ सांगतो. उसाला एक फूट खोल नांगरट लागते, ती पलटी नांगराने ४५-५० च्या ट्रॅक्टरनेच करावी. पण खोडवा-निडवा धरला तर ही नांगरट तीन वर्षांतून एकदाच येते. एका कामासाठी तीन वर्षे मोठा ट्रॅक्टर पोसण्यापेक्षा तेवढे भाड्याने करून घ्यावे. पाचटाची कुट्टी करणारे मोठे यंत्रही छोट्याला ओढवत नाही, तेही भाड्याने. खोडव्याच्या बगला फोडणे मात्र त्याच्या आवाक्यातले आहे.

ऊस वाहतुकीला छोटा ट्रॅक्टर जुंपू नये. त्याचे स्वतःचे वजन आठ-नऊशे किलो. मागे तीन टन भरले तर उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते, आणि ब्रेक मारला की तो आडवा होतो. चाकण-तळेगाव रस्त्यावर पुढे-मागे कंटेनर असताना हे धाडस कोणी करू नये. आतल्या तुकड्यातून मोळ्या रस्त्यापर्यंत आणायच्या असतील तर टन-सव्वा टनाची ट्रॉली, खालचा गिअर, आणि उतारावर न्यूट्रल कधीच नाही.

आता खर्चाकडे येऊ, कारण खरी गोम इथे आहे. समजा औजारांसह ४ लाख रुपये पडले. दहा वर्षांनी ४० हजार येतील असे धरले तर वर्षाची घट ३६ हजार. सरासरी गुंतवणूक २ लाख २० हजार, तिच्यावर दहा टक्क्यांनी व्याज २२ हजार. विमा, शेड वगैरे ८ हजार. म्हणजे ट्रॅक्टर जागचा हलला नाही तरी वर्षाला ६६ हजार रुपये खातो. डिझेल, ऑईल, दुरुस्ती वेगळी.

तीन फुटी रोटाव्हेटर ताशी अडीच कि.मी. वेगाने, वळणे धरून, तासाला सतरा गुंठ्यांच्या आसपास होतो. एकराला सुमारे अडीच तास. दोन पाळ्यांचे पाच तास, बाळबांधणी तीन, मोठी बांधणी तीन, फवारणी व किरकोळ चार : एकरी १५ तास. अडीच एकरवाल्याचे वर्षाला ३८ तास भरतात. ६६ हजाराला ३८ ने भागा, तासाला १,७०० रुपयांवर जाते, तेही डिझेल सोडून! तेच चार-पाच भावकीतल्या लोकांनी मिळून २० एकरांवर वापरला तर ३०० तास होतात आणि तासाला २२० रुपये पडतात. चाकण भागात कांदा-बटाटा घेणाऱ्यांचे वाफे, सऱ्या, काढणी यांचे तास यात आणखी मिळवता येतील.

म्हणून आमचे मत असे : दोन एकरांच्या आत असाल तर पॉवर टिलर किंवा वीडर घ्या आणि बाकी भाड्याने करा. दोन ते पाच एकरवाल्यांनी एकट्याने घेऊ नये. भागीत घ्यायचाच तर पाळी, डिझेल आणि दुरुस्ती कागदावर लिहून घ्यावी. भावकीत कागद कशाला, असे म्हणणारेच पुढे आमच्याकडे तंटा घेऊन येतात.

तुकडा लांबट असेल तर सऱ्या लांबीला पाडा. ६६ फूट रुंद व ३३० फूट लांब म्हणजे बरोबर २० गुंठे. दोन्ही टोकांना वळायला दहा-दहा फूट सोडले तर लांबीच्या सरीत सोळा भागांतला एक भाग जातो. तीच सरी आडवी पाडली तर ६६ फुटांतले २० फूट, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा वळण्यातच जातो. ट्रॅक्टर कितीही चांगला असो, तिथे तो नुसता फिरतच राहणार.

जुना घेणारांनी सुट्या भागांची चौकशी आधी करावी. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सने ३१ मार्च २०२४ पासून शेती-ट्रॅक्टरचा व्यवसाय बंद केला. त्यांचे ट्रॅक्टर आपल्या भागात आहेत आणि चालतातही, पण घेण्यापूर्वी आपल्या मिस्त्रीला विचारावे की भाग कुठून आणणार. नव्यावरचा जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झाला आहे. जुने कोटेशन कोणी दाखवले तर नवे मागावे.

अनुदानासाठी अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. पूर्वसंमती हातात येण्याआधी ट्रॅक्टर खरेदी करू नये, पावती आधीची निघाली की अनुदान गेले. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांसाठी समाजकल्याण खात्याची मिनी ट्रॅक्टरची वेगळी योजना असून तीत ९ ते १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर व औजारे ९० टक्के अनुदानावर मिळतात. आपल्या कार्यक्षेत्रातल्या बऱ्याच गटांना ती ठाऊक नाही.

पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याला ट्रॅक्टर आपल्या शेतात आणायला लावा आणि वाफसा असताना, उभ्या उसात, तीन-चार सऱ्या चालवून बघा. ज्यांना सरीचे माप घेताना अडचण वाटेल त्यांनी गटाच्या शेतकी मदतनिसाला सांगावे; तो टेप घेऊन बांधावर येईल.