इंग्रजी येते, म्हणून इंग्रजी नको?

दरवर्षी ऑगस्टात आयजीसीएसईचे निकाल हाती आले, की बहरीनमधील मनामा, जुफैर आणि ईसा टाउन येथील मराठी कुटुंबांकडून माझ्याकडे जवळजवळ एकाच मजकुराची विचारणा येते : मुलगी सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे ए-लेव्हलच्या दोन वर्षांत, इंग्लिश लँग्वेज हा विषय घ्यायचे म्हणते, इंग्रजी तर तिला उत्तम येते, मग जे येते त्यावर दोन वर्षे खर्च करून ती पुढे करणार काय? या आईबापांची कळकळ मला मान्य आहे. ज्या देशात वास्तव्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो आणि नोकरी सुटताच बिऱ्हाड आवरावे लागते, तेथे मुलांच्या उदरनिर्वाहाची तजवीज लवकर व्हावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या धास्तीपोटी मुलांचा कल न पाहता भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित ही त्रयी त्यांच्या नावावर लिहून मोकळे होणे हा अन्याय आहे, आणि तसे स्पष्ट सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

या विषयात शुद्ध इंग्रजी बोलण्याची तालीम मिळते, हा गैरसमज आहे. केंब्रिजच्या ए-लेव्हलला त्याच्या चार प्रश्नपत्रिका असतात. पहिल्या दोन वाचन व लेखनाच्या. तिसरीत इसवी सन 1500च्या सुमारापासून आजपर्यंतच्या काळातील एखादा गद्य उतारा, आणि त्यासोबत शब्दांच्या वापराची आकडेवारी व आलेख पुढे ठेवून, भाषा कशी पालटत गेली हे साधार मांडावयाचे असते. त्याच पत्रिकेत लहान बालकांच्या संभाषणाचे जसेच्या तसे टिपण देऊन, मूल भाषा कशी आत्मसात करते याची चिकित्सा करावयास सांगतात. चौथीत जगभर पसरलेली इंग्रजी, आणि भाषा व माणसाचे स्वत्व यांचा संबंध, हे विषय येतात. कथा-कवितांचा अभ्यास हा इंग्लिश लिटरेचर या निराळ्या विषयाचा प्रांत. इंग्लिश लँग्वेजमधील पुराव्यावरून अनुमान काढण्याची शिस्त मात्र शास्त्राचीच आहे.

अशा अभ्यासास बहरीनइतकी अनुकूल भूमी थोडी. येथील शिया बहारना आणि सुन्नी अरब या दोन समाजांच्या अरबी बोली परस्परांहून भिन्न आहेत, आणि बहारना लोक चारचौघांत बोलताना आपल्या बोलीची लकब बाजूस सारून दुसऱ्या समाजाच्या बोलीकडे कसे झुकतात, याचा शोध क्लाइव्ह होल्स या ब्रिटिश अभ्यासकाने 1987 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात घेतला. जिच्या घरी मराठी, शेजारी मल्याळम, बाजारात हिंदी व अरबी आणि वर्गात इंग्रजी चालते, त्या मुलीला अशा संशोधनाची सामग्री घराचा उंबरठा ओलांडताच मिळते.

आता ‘पुढे करणार काय’ या प्रश्नाकडे वळू. रूढ वाटांविषयी विस्तार नको. भारतात वैद्यकीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र अटळ, अभियांत्रिकीला गणित अटळ. वकिलीच्या क्लॅट परीक्षेला मात्र विशिष्ट विषयांची अट नाही, आणि तेथे उताऱ्यांचे बारकाईने वाचन हेच मुख्य भांडवल ठरते.

दुर्लक्षित वाट भाषाशास्त्राची, आणि मराठी माणसाने तिच्याकडे पाठ फिरवावी याचे मला दुःख होते. कारण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात या शास्त्राची थोर परंपरा उभी राहिली, आणि अशोक केळकर व ना. गो. कालेलकर यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी मराठीचा शास्त्रीय विचार जागतिक तोडीचा केला. आज यंत्राकडून भाषांतर व संभाषण करवून घेण्याच्या उद्योगाला भाषेची घडण जाणणारी माणसे हवी आहेत. हैदराबादच्या आयआयआयटीत संगणक व भाषाशास्त्र यांची जोड पदवी मिळते; परंतु तिला गणित व भौतिकशास्त्र लागते, हे आधीच ध्यानात घ्यावे. भाषेच्या अभ्यासाशी निगडित अशा वाचा-उपचाराच्या पदवीलाही भारतात विज्ञान शाखा लागते. म्हणून ज्यांना या दिशेने जावयाचे आहे, त्यांनी इंग्लिश लँग्वेज हा विषय विज्ञानाच्या जोडीने, चौथा म्हणून घ्यावा, आणि शाळेत तशी मुभा आहे की नाही याची चौकशी प्रथम करावी. सीबीएसईच्या शाळांत हा विषय या स्वरूपात नाही. तेथील मुलांनी पदवीच्या वेळी भाषाशास्त्राचा विचार करावा.

आता पालकांना दोन कठोर शब्द. सोपा विषय म्हणून, इतर विषयांतील गुणांची तूट भरून काढण्यासाठी इंग्लिश लँग्वेज मुलांच्या गळ्यात बांधू नका. व्याकरणाचे पृथक्करण ज्याला जाचते, त्याची येथे धडगत नाही. आणि ज्याला त्याची ओढ आहे, त्याला ‘लोक काय म्हणतील’ या एका वाक्याने परावृत्त करू नका. सोळा वर्षांच्या मुलावर लादलेला विषय त्याला रोज सकाळी उठून वाचावा लागतो, तुम्हाला नाही.

विषयनिवडीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी या विषयाची एखादी जुनी तिसरी प्रश्नपत्रिका घरी आणा, आणि मुलीला ती निवांतपणे सोडवू द्या. ती त्यात रमली, तर निःशंक सही करा. कंटाळली, तर दुसरा विषय शोधा. शेजाऱ्याच्या मुलाची गुणपत्रिका मात्र या निर्णयात पुरावा म्हणून ग्राह्य धरू नका.