दुष्फेन पाणी, साबण आणि वरण



घरातील काटकसर हा विषय शाळेत शिकवावयाचा म्हटला, की बहुधा फळ्यावर सूचनांची यादी लिहिली जाते. साबण जपून वापरावा, जळण वाया घालवू नये, धान्य उन्हात वाळवावे. मुले ती यादी वहीत उतरवून घेतात आणि घरी काहीच बदलत नाही. सूचना दिली जाते, पण तिच्यामागील कारण मुलांच्या हाती पडत नाही. आपल्या परभणी जिल्ह्यात ते कारण पुष्कळ अंशी एकच आहे, ते म्हणजे पाणी. धुणे, शिजविणे आणि साठविणे ही तिन्ही कामे एका पाठात कशी आणता येतील, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या भेटीत मुलांच्या ताटांत वरणाचे दाणे तसेच उरलेले दिसले. आहार शिजविणाऱ्या मावशी म्हणाल्या, "साहेब, ह्या खेपेला डाळच गणंग आली बघा. दोन तास शिजवली तरी मऊ होईना." मुख्याध्यापकांनी पुरवठ्याविषयी तक्रारीचा कागद तयार ठेवला होता आणि मीही तो पुढे पाठविणार होतो. सहज विचारले, की असे केव्हापासून होते? उत्तर आले, "नवी बोअर पाडल्यापासून." मग त्याच पोत्यातील डाळ दोन पातेल्यांत चढविली. एकात बोअरचे पाणी घातले आणि दुसऱ्यात आदल्या दिवशी उकळून, निवळून, वरचेवर ओतून घेतलेले पाणी. दुसरे पातेले आधी उतरले. पहिल्यातील डाळ तेव्हाही बोटांत दाबली तर कचकचत होती. अनेक वर्षे वर्गात दुष्फेन पाण्याची व्याख्या पाठ करून घेतलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे आधी सुचले नाही, याचा संकोच आजही वाटतो. तक्रारीचा कागद अर्थातच गेला नाही.

पहिली ते पाचवीच्या मुलास आहारात दररोज 20 ग्रॅम डाळ वा कडधान्य मिळावयाचे असते. त्यात सुमारे साडेचार ग्रॅम प्रथिने असतात. 200 मुलांच्या शाळेत ही डाळ रोज 4 किलो होते. ती कच्ची राहून ताटात उरली, तर हानी केवळ पैशाची नसते.

आता कारणाकडे वळू. आपला प्रदेश काळ्या पाषाणाचा आणि काळ्या मातीचा आहे. नांगरलेल्या शेतात चुनखडीचे पांढरे खडे मुलांनी पाहिलेले असतात. ते दोन-चार वर्गात आणवावेत. पावसाचे पाणी मातीतून आणि खडकातून खोल झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार आपल्यात विरघळवून घेते. म्हणून विंधन विहिरीचे पाणी बहुधा जड असते. न्हाणीघरातील बंबाच्या आत जो पांढरा पापुद्रा धरतो, तो याच क्षारांचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ही दुष्फेनता दर लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालते. म्हणजे असे पाणी मर्यादेत असेल तर प्रकृतीस अपायकारक नाही. ते भारी पडते ते साबणाला आणि जळणाला.

साबणाचा हिशेब सातवीची मुले सहज करतील. पाण्यातील क्षार आधी साबणाशी मिळून चिकट पांढरा साका बनवितात. तो पुरा बनून झाल्यावरच फेस येतो. 1 ग्रॅम दुष्फेनता सुमारे 6 ग्रॅम शुद्ध साबण खाऊन टाकते. आपल्या पाण्यात दर लिटरला 300 मिलिग्रॅम क्षार आहेत असे धरू. 20 लिटरच्या बादलीत ते 6 ग्रॅम झाले, म्हणजे 36 ग्रॅम साबण कपड्यांचा मळ निघण्याआधीच संपला. 150 ग्रॅमच्या वडीचा हा जवळजवळ चौथा हिस्सा होय. शिवाय तो साका कपड्याच्या धाग्यांत बसतो आणि पांढरा सदरा राखी दिसू लागतो. मग आई म्हणते साबण वाईट आहे, आणि वडील त्याहून महाग साबण आणतात.

यावर जुना आणि स्वस्त उपाय धुण्याच्या सोड्याचा. साबण लावण्यापूर्वी बादलीत दोन लहान चमचे, म्हणजे सुमारे 7 ते 8 ग्रॅम, सोडा विरघळवावा आणि अर्धा तास पाणी स्थिर ठेवावे. क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपाने तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी काढून घेऊन त्यात धुणे करावे. पूर्वी घरोघरी राखेचे निवळ पाणी धुण्यास घेत. त्यामागील तत्त्व हेच होते. मात्र सोडा लोकरीच्या व रेशमी कपड्यांस लावू नये, ॲल्युमिनियमच्या भांड्यात कालवू नये आणि मुलांच्या हाती मोकळा देऊ नये. रिठ्याचा फेस जड पाण्यातही येतो, कारण रिठ्यातील फेसाळ द्रव्य या क्षारांबरोबर साका धरत नाही. धुण्याच्या नव्या भुकट्यांनाही साका कमी धरतो. तरीपण पाणी जितके जड, तितकी भुकटी अधिक लागते, हे घरी करून पाहता येईल.

वर्गातील प्रयोग असा करावा. सारख्या आकाराच्या चार बाटल्या घ्याव्यात. त्यांत पावसाचे, आडाचे, बोअरचे आणि नळाचे पाणी सारख्याच मापाने भरावे. साबणाचा कीस पावसाच्या पाण्यात विरघळवून ठेवावा आणि त्याचे थेंब एकेक करून प्रत्येक बाटलीत टाकून ती हलवावी. फेस मिनिटभर टिकण्यास किती थेंब लागले, ते मुलांनी मोजून लिहावे. गंगाखेड, पालम, पाथरी या बाजूच्या गोदाकाठच्या शाळांनी नदीचे पाणीही घ्यावे. आकडे गावागणिक वेगळे येतील; ते पुस्तकातल्यासारखे आले नाहीत म्हणून बदलू नयेत.

वरणाच्या बाबतीत थोडे अधिक सांगावयाचे आहे. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारे द्रव्य कॅल्शियममुळे घट्ट होते, म्हणून जड पाण्यात डाळ मऊ पडण्यास वेळ लागतो. पाणी उकळून निवळले की या क्षारांचा एक भाग तळाशी बसतो. परंतु सर्व पाणी यासाठी मुद्दाम उकळणे ही काटकसर नव्हे. आदल्या दिवशीचे तापवून उरलेले पाणी किंवा गावात मिळणारे जारचे पाणी डाळ भिजविण्यापुरते आणि शिजविण्यापुरते घेतले, तरी पुरे. भिजविताना चिमूटभर मीठ घालावे, त्याने उपयोगच होतो. चिंच, आमसूल वा टोमॅटो मात्र डाळ शिजल्यावरच घालावे, कारण आंबटपणाने ती कठीण राहते. काही घरांत खाण्याचा सोडा टाकतात; त्याने डाळ लवकर शिजते खरी, पण ब जीवनसत्त्वाचा नाश होतो. मुलांच्या आहारात ते करू नये.

उकळी आल्यावर आच कमी करण्यास भगिनी नाखूष असतात. परंतु उघड्या भांड्यातील पाणी एकदा उकळू लागले, की आच कितीही वाढविली तरी ते त्याहून अधिक तापत नाही. नुसती वाफ होऊन उडते. झाकण ठेवावे आणि आच मंद करावी. तुराट्या, पऱ्हाट्या असोत वा गॅसची टाकी, नियम एकच.

साठवणीत पाणी शत्रू ठरते. दमट व उष्ण जागी बरेच दिवस पडलेले कडधान्य पुढे कोणत्याही पाण्यात नीट शिजत नाही. तेव्हा वरील मावशींचे म्हणणे कधी कधी खरेही असू शकते. ज्वारी दाताखाली कट्ट वाजावी, ही आपल्या वडीलधाऱ्यांची कसोटी उत्तम आहे. मुलांकरिता दुसरी सांगतो. कोरड्या काचेच्या बाटलीत वाळविलेले मीठ आणि मूठभर दाणे घालून काही मिनिटे हलवावे व थोडा वेळ ठेवावे. मीठ काचेस चिकटले तर दाण्यात सुमारे 15 टक्क्यांहून अधिक ओलावा आहे असे समजावे; अशा धान्यास बुरशी धरते. नाही चिकटले तरी आणखी एक-दोन उन्हे द्यावीत. वाळविलेले धान्य तापलेलेच कोठीत भरू नये, रात्रभर निवू द्यावे. नाहीतर कोठीच्या पत्र्यास आतून घाम सुटतो. तुरीसारख्या अख्ख्या कडधान्यास किलोमागे एक-दोन लहान चमचे गोडे तेल चोळले, की भुंगेऱ्याची अंडी टिकत नाहीत.

शाळेतील पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. जुने पोते पुढे व नवे मागे असावे, आणि पोत्यावर आल्याची तारीख खडूने लिहावी. प्रयोगासाठी लागणारे पावसाचे पाणी मृगाच्या पहिल्या सरीचे घेऊ नये, कारण पत्र्यावरील सारी धूळ त्यात उतरते. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाचे पाणी स्वच्छ बाटल्यांत भरून, चिठ्ठी लावून, कपाटात ठेवावे. दोन बाटल्या वर्षभराच्या तासांना पुरतात.