बाजाराची भाजी आठवडाभर ताजी राखण्याचे उपाय

आपल्या पुष्कळ खेड्यांत भाजीपाला आठवड्याच्या बाजारी घेतला जातो. बाजाराच्या दिवशी व त्याच्या दुसऱ्या दिवशी घरात पालेभाजी शिजते. तिसऱ्या दिवशी मेथी पिवळी पडू लागते, कोथिंबीर मान टाकते, भेंडी मऊ पडते आणि पुढील चार दिवस डाळ, पिठले व चटणी यांवर भागवावे लागते. ज्या घरी गरोदर स्त्री किंवा वाढते मूल आहे, तेथे ही उणीव केवळ चवीची राहत नाही. दुसरीकडे, ज्या शेतकऱ्याने पहाटे भेंडी किंवा गवार तोडून बाजारी नेली, त्याला सायंकाळी उरलेला माल मिळेल त्या भावाने टाकून यावे लागते; कारण हा माल रात्र काढणार नाही, हे घेणाराही जाणून असतो. घेणारा व विकणारा या दोघांचीही अडचण एकच आहे आणि तिच्यावरील उपायही बव्हंशी घरच्या घरी करता येण्याजोगा आहे.

तोडलेली भाजी किंवा फळ निर्जीव नसते. वेलीपासून अथवा झाडापासून वेगळे झाल्यावरही त्याचे श्वसन चालूच राहते. मुळांकडून मिळणारे पाणी व अन्न मात्र बंद झालेले असते. म्हणून ते स्वतःत साठलेले अन्न जाळते व स्वतःतीलच पाणी हवेत सोडते. उष्णता १० अंश सेल्सिअसने वाढली की श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. वजनाच्या शेकडा ५ ते १० इतके पाणी उडाले की बहुतेक भाज्या सुकलेल्या दिसू लागतात, आणि पालेभाजीला उन्हाळ्यात त्यासाठी एक दुपार पुरते. यास्तव भाजी थंड ठेवणे व तिच्या भोवतालची हवा दमट ठेवणे, ही दोन कामे साधली पाहिजेत. परंतु हा नियम सर्वांना लागू नाही. कांदा, लसूण यांना दमटपणा मानवत नाही, तर केळे, वांगे, भेंडी, काकडी यांना फार थंडी सोसत नाही. सर्व माल एकाच टोपलीत किंवा एकाच कपाटात कोंबण्याची आपली जी सवय आहे, तीच अर्ध्याहून अधिक नासाडीचे मूळ आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

थंडावा व दमटपणा ही दोन्ही कामे विजेवाचून साधणारे साधन म्हणजे विटा-वाळूचा शीतकक्ष. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत १९८० नंतरच्या दशकात तो विकसित करण्यात आला. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने हा कक्षही गार राहतो. पाण्याची वाफ होताना ती भोवतालची उष्णता ओढून घेते. कक्षाच्या भिंतींतील वाळू ओली असते, तिच्यातील पाणी विटांतून बाहेर झिरपून उडते व आतील पोकळी थंड होते.

बांधणी अवघड नाही. झाडाच्या सावलीत, वारा खेळता राहील अशी उंचवट्याची जागा निवडावी. पाणी जवळ असावे. जमीन सारखी करून १६५ सेंटीमीटर लांब व ११५ सेंटीमीटर रुंद असा विटांचा तळ घालावा. त्यावर एकात एक अशा दोन भिंती ६७.५ सेंटीमीटर उंचीपर्यंत रचाव्यात. दोन भिंतींमध्ये ७.५ सेंटीमीटर फट राहिली पाहिजे. सुमारे ४०० विटा लागतात. पडक्या भिंतीच्या विटाही चालतात, मात्र त्या पाणी शोषणाऱ्या असाव्यात. भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नये. गिलाव्याने पाणी झिरपणे थांबते आणि सारा खटाटोप फुकट जातो. फटीत नदीची वाळू भरून विटा व वाळू पाण्याने चिंब करावीत. बांबूच्या चौकटीवर वाळा, गवत किंवा गोणपाट बांधून झाकण करावे. वर छप्पर घालावे, म्हणजे थेट ऊन व पावसाचे पाणी यांपासून बचाव होतो. एवढ्या कक्षात सुमारे १०० किलो माल राहतो. लहान कुटुंबाने माप निम्मे केले तरी चालेल, परंतु फट तेवढीच ठेवावी.

पुढे रोज सकाळी व सायंकाळी वाळू व झाकण भिजवावे लागते. कोरड्या उन्हाळ्यात यासाठी रोज दोन ते चार घागरी पाणी धरून चालावे. भर उन्हाळ्यात अशा कक्षात बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी उष्णता कमी राहू शकते व आतील हवेची आर्द्रता शेकडा ९० च्या आसपास असते. बाहेर दिवसभरही न टिकणारी पालेभाजी आत दोन-तीन दिवस चांगली राहते. शेतकऱ्यास हे दोन-तीन दिवस म्हणजे पुढच्या गावचा बाजार गाठण्याची सवड होय.

हा कक्ष सर्वत्र सारखाच उपयोगी पडेल, असे मात्र कोणी समजू नये. विदर्भात व मराठवाड्यात चैत्र-वैशाखातील हवा इतकी कोरडी असते की ओले वस्त्र घटकेत वाळते. तेथे हा कक्ष उत्तम काम देतो. कोकणात अंगाचा घामच वाळत नाही, तेथे विटेतील पाणी तरी कसे उडणार? पावसाळ्यात तर देशावरही त्याचा गारवा बेताचाच असतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकासाठी गाव निवडताना हे ध्यानी घ्यावे. तसेच ज्या गावी उन्हाळ्यात टँकरचे पाणी येते, तेथे हा कक्ष बांधण्याचा आग्रह धरू नये. तेथे मोठ्या कुंडीत लहान मडके ठेवून मधल्या जागेत वाळू भरावी व तांब्याभर पाण्याने ती ओली राखावी. ओल्या फडक्याने झाकलेल्या अशा मडक्यात चार-पाच माणसांच्या घराची दोन दिवसांची भाजी मावते. भाजी धुतलेले पाणी या वाळूला चालते, साबणाचे चालत नाही.

आत ठेवावयाचा माल सकाळी लवकर तोडलेला असावा. उन्हात तापलेली भाजी तशीच आत भरली तर ती आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते, म्हणून ती आधी सावलीत निवू द्यावी. जुडीचा दोरा सोडून पिवळी पाने व माती काढावी. भाजी धुवून ओली आत ठेवण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. पानांवर साचलेले पाणी कुजण्यास आमंत्रण देते, म्हणून धुणे चिरण्यापूर्वीच करावे. मुळा व गाजर यांचा पाला कापून वेगळा करावा, कारण पाला कंदातील पाणी ओढून घेतो व कंद पोचट होतो. कोथिंबिरीची मुळे वाटीभर पाण्यात बुडवून वरून ओले फडके टाकले, तर ती कक्षावाचूनही टिकते.

पिकलेला आंबा, केळी, पपई व चिकू ही फळे पालेभाजीजवळ कधीही ठेवू नयेत. पिकताना ही फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात व त्यायोगे शेजारची पाने लवकर पिवळी पडतात. अढीत एक आंबा पिकू लागला की बाकीचेही भराभर पिकतात, त्याचे कारण हेच आहे. अढी घालताना जो वायू उपयोगी, तोच भाजीच्या टोपलीत घातक ठरतो.

आता कांद्याविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे, कारण आपल्याकडे त्याचीच साठवण मोठी व नासाडीही मोठी. कांदा टिकणार की नाही, हे पुष्कळ अंशी तो घरात येण्यापूर्वीच ठरते. खरिपाचा लाल कांदा साठवणीचा नव्हे. तो निघेल तसा विकावा किंवा खावा. साठवणीस रब्बीचा उन्हाळ कांदा घ्यावा. ‘एन-२-४-१’ हे वाण त्यासाठी प्रसिद्ध आहे. शेतातील निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या की काढणी करावी. तत्पूर्वी दहा-पंधरा दिवस पाणी तोडावे. काढलेला कांदा तीन-चार दिवस शेतातच असा पसरावा की एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकले जातील. नंतर सुमारे एक इंच मान ठेवून पात कापावी आणि दहा-पंधरा दिवस सावलीत सुकवावा. मान अगदी बुडापासून कापली तर त्या जखमेतून कूज शिरते. डेंगळे आलेले, जोड व जाड मानेचे कांदे आधी खाण्यास काढावेत.

घरात कांदा माळ्यावर किंवा बांबूच्या मचाणावर पातळ थरात पसरावा. खालूनही वारा लागला पाहिजे. पोत्यात बांधून भिंतीशी रचलेला कांदा आतून तापतो. अलिबागकडे पांढरा कांदा पातीची वेणी घालून टांगतात. त्यात शोभेपेक्षा व्यवहार अधिक आहे, कारण प्रत्येक कांद्यास वारा मिळतो व सडलेला एक चटकन दिसतो. कांदा व बटाटा एकत्र ठेवू नयेत. बटाट्यास अंधार हवा. उजेडात तो हिरवा पडतो व त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. असे हिरवे बटाटे खाण्यास वापरू नयेत. लाल भोपळा व कोहळा देठासह शिंक्यात किंवा मचाणावर ठेवले, तर महिनोन्‌महिने टिकतात. त्यांच्यासाठी एरवी काहीच करावे लागत नाही.

ज्या घरी रेफ्रिजरेटर आहे, त्यांनीही केळी त्यात ठेवू नयेत. सुमारे १३ अंशांखाली त्यांची साल काळी पडते. बटाटा फार थंडीत गोडसर होतो. हिरवे टोमॅटो बाहेरच पिकू द्यावेत.

शीतकक्षातील माल दररोज सकाळी पाहावा आणि नासलेले फळ वा पान तत्काळ काढावे. एक भरणा संपला की दुसरा घालण्यापूर्वी कक्ष रिकामा करून झाडावा व एक दिवस उघडा ठेवून सुकू द्यावा. आणखी एक सूचना अनुभवी शेतकऱ्यांस सांगण्याची गरज नाही, पण मुलांना जरूर द्यावी. उन्हाळ्यात ओल व गारवा शोधीत साप आणि विंचूही येतात. म्हणून झाकण उचलताना आधी काठीने सरकवावे आणि आत पाहिल्यावाचून हात घालू नये.