परिक्रमेतली थंडी आणि आपण तुयेकर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या पंधरवड्याचा अभ्यास विषय थोडा वेगळा घेतला आहे. कार्तिकी एकादशीनंतर आपल्यातली तीन कुटुंबं नर्मदा परिक्रमेला निघणार आहेत, बसने. सतरा-अठरा दिवस रोज नवा मुक्काम, आश्रमात किंवा धर्मशाळेत सतरंजीवर झोप, आणि थंडी. जाणाऱ्यांनी आणि घरी राहणाऱ्यांनीही एकत्र बसून हे वाचावं. कुणीतरी मोठ्यानं वाचलं तर आजी-आजोबांपर्यंत पोचेल.

आपल्याला थंडी ठाऊकच नाही, हे आधी मान्य करूया. पेडण्यात पारा वीसच्या खाली आला की आपण कानटोप्या शोधतो. अमरकंटक हजार मीटरहून उंच, मैकल डोंगरात. डिसेंबर-जानेवारीत तिथे काही पहाटे गवतावर दव गोठून पांढरं दिसतं. आणि ओंकारेश्वराहून निघालेली बस भरूच, गरुडेश्वर करत उत्तर तटानं तिथे पोचते, तोवर सगळ्यांची झोप मोडलेली असते, पोटं बिघडलेली असतात. म्हणजे शरीर थकलेलं असतानाच सगळ्यात कडक थंडी गाठते.

मागच्या खेपेला आम्ही बावीस जण गेलो होतो. आमच्यातले एक काका, सत्तरीला टेकलेले. वाटेत त्यांना कणकण होती. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, तापाची गोळी घ्यायचे आणि पहाटे सगळ्यांबरोबर गार पाण्यानं आंघोळ करायचे. का? तर निघण्यापूर्वीच्या बैठकीत आम्ही सेवेकऱ्यांनीच सांगितलं होतं, स्नानाचा नेम कुणी मोडायचा नाही. हे आमचं वाक्य. ते आम्ही विसरलेलो नाही.

अमरकंटक सोडून दक्षिण तटाला लागलो आणि दुसऱ्या दिवशी काकांना धाप लागली. बोलता बोलता थांबायचे, मध्येच काहीतरी असंबद्ध बोलायचे. गावातल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, न्युमोनिया दिसतो, लगेच जबलपूरला न्या. जबलपूर उत्तर तटावर. परिक्रमेत मैया उजव्या हाताला ठेवायची, मध्ये कुठेही ओलांडायची नाही. पूल ओलांडला की परिक्रमा खंडित. काका हात जोडून नाही म्हणत होते, काकू रडत होत्या, आणि आम्ही चर्चा करत बसलो. अर्धा दिवस गेला त्यात. शेवटी काकूच उठल्या, म्हणाल्या, "पाप लागलं तर माझ्या माथी, गाडी काढा." नऊ दिवस दवाखान्यात काढून काका बरे झाले. पण तेव्हापासून ते गुरुवारच्या उपासनेला येत नाहीत. खंडित झाली म्हणतात.

माणगावच्या टेंबेस्वामींचं उदाहरण आपण नेहमी घेतो. १८५४ साली इथून जवळच जन्मलेले, संन्यास घेतल्यावर देशभर पायी फिरले आणि १९१४ साली नर्मदेकाठी गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. त्यांचं चालणं आपण सांगतो, पण दर वर्षी चातुर्मासात ते एका जागी थांबत, हे सांगायचं राहतं. थांबणं हाही नेमच होता.

तर यावेळी आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. साठीच्या वरच्यांनी पहाटे नदीत उतरायचं नाही. ऊन आल्यावर पाय धुवावेत, पाणी डोळ्यांना लावावं, गरम पाणी मिळालं तर आंघोळ. ज्यांना बीपी किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी वय कितीही असो, हेच. अचानक गार पाणी अंगावर घेतलं की रक्तदाब एकदम चढतो. ओले केस, ओली साडी घेऊन बसमध्ये बसायचं नाही. ओल्या कपड्यात अंगाची ऊब फार लवकर जाते. एकच जाड स्वेटर घेण्यापेक्षा पातळ दोन-तीन थर बरे, ऊन चढलं की एकेक काढता येतात. आणि झोपताना पांघरुणाइतकंच अंथरूण महत्त्वाचं. फरशी खालून थंडी देते. घरची वाकळ न्या, वजन झालं तरी.

थंडीत तहान लागत नाही. त्यात बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत, वाटेत जायची सोय नसते म्हणून. मग लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, डोकं दुखणं. बस दर दोन तासांनी थांबेल, असं चालकाशी आधीच बोलून ठेवलं आहे. लाजू नका.

साखरेचा त्रास असलेल्यांसाठी: तिथे प्रत्येक ठिकाणी प्रेमानं गोड चहा आणि प्रसादाचा शिरा पुढे येतो. कणभर घ्या. पाय रोज रात्री उजेडात बघा, तळवासुद्धा. संवेदना कमी असते, शेकोटीशी पाय भाजले तरी कळत नाही. भेगांना भिरंडेल लावून मोजे घाला. नाचण्याचं पीठ बरोबर घेतलं तर रात्री गरम आंबील होते, पोटाला हलकी.

बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच ठेवू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

ताप, खोकला, धाप, गोंधळल्यासारखं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सांगायचं. म्हाताऱ्या माणसाला न्युमोनियात ताप फारसा नसतोही, म्हणून श्वास मोजा. शांत बसलेलं असताना मिनिटाला पंचवीसच्या वर गेला तर डॉक्टर गाठा, कुठल्याही तटावरचा. पूल ओलांडायचा की नाही यावर बैठक होणार नाही, हे आत्ताच ठरलं आहे.

फ्लू आणि न्युमोनियाच्या लसीबद्दल आपापल्या डॉक्टरांना विचारून घ्या. फ्लूच्या लसीचा गुण यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी नको. रविवारी चार वाजता जाणाऱ्यांनी औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन यावं, आम्ही प्रत्येकाची यादी दोन प्रतींत करणार आहोत, एक बसमध्ये, एक घरी.

त्या काकांनाही बोलावलं आहे. त्यांच्या घरी आम्ही तिघी जाऊन आलो, आमची चूक होती असं त्यांना सांगितलं. येतो म्हणाले नाहीत, पण काकूंनी आम्हाला चहा दिल्यावर ते बाहेर येऊन बसले, आणि कोणकोण निघालंय ते विचारलं.