आधी ऐका, मग ईक्यूला हात लावा

मराठी ऑडिओबुकं आणि अभिवाचनांचं मिक्सिंग हे माझं रोजचं काम. खराब माइकने बिघडलेले आवाज माझ्याकडे येतात, पण घाईघाईने लावलेल्या ईक्यूने, म्हणजे आवाजातले पट्टे कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरने, बिघडलेले त्याहून जास्त येतात.

त्यातलं एक काम मनातून जात नाही. एका निवृत्त शिक्षिकेने आपल्या आठवणी स्वतः वाचून रेकॉर्ड केल्या होत्या. मुलाने फाइल्स माझ्याकडे पाठवल्या, तोवर दुसऱ्या एका स्टुडिओत त्यांच्यावर ‘आवाज खुलवण्याचं’ काम होऊन गेलं होतं. त्या ऐकून बाई मुलाला म्हणाल्या, ‘‘अरे, वाचलंय मीच, पण आवाज माझा नाही हा.’’

बाईंचं बरोबर होतं. बायकांच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १६५ ते २५५ हर्ट्झमध्ये असतो आणि उतारवयात तो थोडा खाली येतो. इथे पंख्याची घरघर घालवायला २०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकलं होतं. घरघरीबरोबर बाईंच्या आवाजातलं वजनही गेलं. मग तो पातळ वाटायला लागला म्हणून ६ किलोहर्ट्झच्या आसपास भरपूर वाढ दिलेली. मराठीला ही वाढ विशेष जाचते. ‘चहा’तला च मऊ आहे, पण ‘चूल’, ‘चांदणं’ यांतला दंत्य च जवळजवळ ‘स’सारखाच फुसकारतो आणि त्याचा जोर नेमका त्या पट्ट्यात असतो. बाईंच्या आठवणींत चूल, चांदणं आणि तशाच दंत्य जचे जातं, माजघर पानोपानी. दर दोन वाक्यांनी कानात टोचायचं.

मी रॉ फाइल मागितली. ती पुसली गेली होती. उरली होती फक्त एमपीथ्री. दरम्यान बाईंच्या घशाची शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे पुन्हा वाचणं शक्य नव्हतं. वरची धार मी बरीच कमी करू शकलो. खालचा भाग वाढवून परत आणायला गेलो, तर आवाजाआधी घरघरच वर आली. पुस्तक ऐकण्याजोगं झालं, पण बाईंचा आवाज पुरता परत आला नाही. त्या कुटुंबाला ही हळहळ कायमची राहिली आणि ती टाळता आली असती, म्हणून हे लिहितो आहे.

माझं सांगणं एवढंच, की खोलीने आणि माइकने आवाजात घातलेली भर ईक्यूने निघेल तेवढी काढावी. माणसाच्या गळ्यात नाही ते आणायचा प्रयत्न करू नये. म्हणून पहिली पाच मिनिटं कशालाही हात न लावता ऐका. फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या खोलीत आवाज घुमतो आणि तो घुमार कुठल्याही ईक्यूने जात नाही. तिथे गाद्या, चादरी, पुस्तकांनी भरलेली कपाटं उपयोगी पडतात. पंखा बंद ठेवून रेकॉर्डिंग केलं असतं, तर वरचं अर्धं रामायण घडलंच नसतं. माइकच्या फार जवळ बोललं तर एकाच दिशेने ऐकणारे माइक बास फुगवतात. वाचणाऱ्याला वीतभर मागे बसवलं की पुष्कळ काम तिथेच होतं.

त्यानंतर लो-कट, म्हणजे ठरावीक हर्ट्झखालचं सगळं कापणं. पुरुषाच्या आवाजाला ७०-८० हर्ट्झ, बाईच्या आवाजाला १०० च्या आसपास. हळूहळू वर न्या, आवाज बारीक व्हायला लागला की थांबा आणि थोडं मागे या. बंदिस्त, डब्यातल्यासारखा आवाज बहुतेक वेळा ३०० ते ५०० हर्ट्झमध्ये सापडतो. तिथे २-३ डेसिबल कमी केले की अक्षरं आपोआप सुटी होतात, ट्रेबल वाढवायची गरजच राहत नाही. अगदी अरुंद पट्टा घेऊन खूप वाढवायचा, तो सगळीकडे फिरवत दोष शोधायचा, ही पद्धत जपून वापरा. एवढी वाढ दिल्यावर कुठलीही जागा वाईटच वाटते आणि चांगल्या आवाजालाही दहा भोकं पडतात.

२ ते ३ किलोहर्ट्झला फार जपा. ल आणि ळ यांच्यातला फरक कानाला बराचसा इथेच कळतो. ‘पाळणा’ आणि ‘वेळ’ हे शब्द काढून पुन्हा पुन्हा ऐका. तिथे गोंधळ वाटला तर केलेलं मागे घ्या. टोचणाऱ्या स आणि चसाठी सगळ्या आवाजाचा ट्रेबल कमी करू नका. डी-एसर फक्त त्या क्षणापुरता दाबतो, तो हलक्या हाताने लावा.

सगळ्यात मोठा चकवा आवाजाच्या पातळीचा आहे. कुठेही ३ डेसिबल वाढवले की एकूण आवाज वाढतो, आणि वाढलेला आवाज कानाला चांगलाच वाटतो. म्हणून बायपास करून तुलना करताना दोन्ही पातळ्या सारख्या करून घ्या. माझ्या अनुभवात अशा तुलनेनंतर निम्मे बदल काढूनच टाकावे लागतात. ऐकण्याची पातळीही बोलण्याइतकीच ठेवा. हार्वे फ्लेचर आणि विल्डेन मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं, की आवाज लहान केला की कानाला बास फार कमी ऐकू येतो. रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून हळू लावून केलेलं मिक्स सकाळी बोजड वाटतं, ते यामुळेच.

अभिवाचनामागे किंवा भजनात पेटी असेल, तर निवेदकाचा किंवा गायकाचा आवाज वाढवण्याआधी पेटीतूनच २-३ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं काढून पाहा. शब्द मोकळे होतात आणि पेटीचं फारसं बिघडत नाही.

तयार प्रीसेट कुणा दुसऱ्याच्या आवाजावर बसवलेला असतो. तो लावून काम संपवणाऱ्याने तुमच्या माणसाचा आवाज ऐकलेलाच नसतो. असं काम स्वीकारू नका.

आणि रेकॉर्डिंग करताना ईक्यू फाइलमध्ये उतरवू देऊ नका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची एक तासाची मोनो वेव्ह फाइल साधारण ५०० एमबी होते. आजच्या डिस्कवर ही जागा नगण्य आहे. तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. स्टुडिओ दुसऱ्याचा असेल, तर शेवटचा हप्ता देण्याआधी रॉ फाइल मागून घ्या आणि ती उघडते की नाही, हे तिथेच ऐकून पाहा.